३१ मेच्या आत नवा मेल सर्व्हर

"सर, नवीन बाई सोमवारी हजर झाल्या, आज शुक्रवार. त्यांचा मेल अजून निघाला नाही," आमच्या ऑफिसातले भाऊसाहेब मला जिन्यातच म्हणाले. "हेडसरांनी दोनदा विचारलं."

ही मार्च २०२४ मधली गोष्ट. त्या आठवड्यात मी प्रशिक्षणासाठी बाहेरगावी होतो, आणि आमच्या संस्थेत मेलचं खातं काढणं माझ्याशिवाय कुणालाच जमणारं नव्हतं. संस्था सांगली जिल्ह्यातली, चार हायस्कुलं आणि एक ज्युनिअर कॉलेज. मी त्यातल्या एका शाळेत संगणक शिकवतो आणि संस्थेच्या डोमेनवरचा मेल सर्व्हरही सांभाळतो. शिक्षक, लिपिक, प्रयोगशाळा सहायक धरून १४० च्या आसपास खाती. यातलं प्रत्येक खातं म्हणजे त्या लिनक्स मशीनवरचा एक खराखुरा युजर होता. भूगोलाच्या बाईंना मेल हवा म्हणून त्यांना थेट मशीनवरच राहायला जागा द्यायची, असा तो प्रकार. तो युजर काढायला रूटचे अधिकार लागतात, आणि ते मी भाऊसाहेबांना देऊ शकत नव्हतो. एवढ्यासाठी कुणाच्याच हातात मशीनच्या सगळ्या किल्ल्या देऊ नयेत.

शिवाय सर्व्हर जुना झाला होता. त्यावर उबुंटू १६.०४ हे लिनक्स होतं आणि त्याचा नेहमीचा पाठिंबा एप्रिल २०२१ मध्येच संपला होता. तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळालेलं मशीन इंटरनेटवर उघडं होतं, हे मला रात्री आठवलं की झोप लागत नसे. तेव्हा ठरवलं, नवा सर्व्हर उभा करायचा आणि माणसं मशीनवर न ठेवता डेटाबेसच्या टेबलात ठेवायची.

मुदत मी स्वतःच घातली, ३१ मे. शाळेत काम केलेल्यांना या तारखेचं कारण सांगायला नको. आमच्या आधीच्या पिढीत मुलाला शाळेत घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहीत. त्यामुळे महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं अमाप आहेत. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ५८ वर्षं पूर्ण होताना हे सगळे ३१ मेला एकदम बाहेर पडतात. त्या वर्षी आमच्याकडून सहा जण जाणार होते, त्यात दोन मुख्याध्यापक. मुख्याध्यापकांचा पत्ता, परीक्षा विभागाचा पत्ता, शिष्यवृत्तीचा पत्ता, सगळ्यांचे धनी त्या संध्याकाळी बदलणार. दरवर्षी हे बदल मी रात्री बसून एका फाइलीत हातानं करत असे.

पण काम हाती यायला मे उजाडला. लोकसभेच्या निवडणुकीत आम्हा बहुतेकांना केंद्रावर ड्युटी होती, आणि सांगलीचं मतदान ७ मेला होतं. ८ तारखेला झोप काढली, ९ ला संगणक कक्षाचं कुलूप उघडलं.

एक प्रश्न तेव्हा खूप जणांनी विचारला, म्हणून सांगतो. स्वतःचा सर्व्हर कशाला, आयती सेवा घ्यावी ना? एकट्या माणसाला किंवा दहा जणांच्या दुकानाला मीही हेच सांगेन. आमच्याकडे भाड्याचं मशीन होतं, डोमेन होतं, निवृत्त शिक्षकांचे पत्ते तहहयात चालू ठेवण्याचा संस्थेचा ठराव होता आणि पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार होता. तो आपल्या हाताखाली असावा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी लागणारे कष्ट मी मोजून घेतले होते.

मशीनवर डेबियन १२ हे लिनक्स घातलं. पत्रं घेण्या-पाठवण्याला पोस्टफिक्स, पेटी उघडून देण्याला डव्हकॉट, माणसांच्या यादीला मारियाडीबी. पोस्टफिक्स हे वीट्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात लिहिलं आणि १९९८ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याची रचना मला फार आवडते. ते एकच मोठं प्रोग्रॅम नाही. दारावर एक उभा, पत्र साफसूफ करणारा दुसरा, रांग सांभाळणारा तिसरा, पोचवणारा चौथा, आणि प्रत्येकाला लागतील तेवढेच अधिकार. डव्हकॉट तिमो सिराइनेन या फिनलंडच्या प्रोग्रॅमरनं २००२ पासून घडवलेलं. डेटाबेस मारियाडीबी का, तर संस्थेची वेबसाइट त्यावरच चालते आणि त्याचे बॅकअप कसे घ्यायचे हे मला ठाऊक होतं. हेच काम पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइटनंही होतं.

पहिले दोन दिवस मी कॉम्प्युटरला हातच लावला नाही, वहीत टेबलं आखली. टेबलं तीनच. एक डोमेनचं, एक माणसांचं, एक टोपणपत्त्यांचं. तिसऱ्यात 'या पत्त्यावर आलेलं पत्र त्या पत्त्यावर द्या' एवढंच. मुख्याध्यापक ही खुर्ची आहे, तिला स्वतःची पेटी नको. खुर्चीवरच्या माणसाच्या पेटीत पत्र पडलं की झालं. माणूस बदलला की टेबलातली एक ओळ बदलायची.

माणसांच्या टेबलाशी मात्र अडलो. मी आधी 'चालू' नावाचा एकच रकाना ठेवला होता, १ किंवा ०. मग आमचे एक सहकारी आठवले. आदल्या वर्षी ते अचानक गेले. त्यांच्या खात्याचं काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं. उघडं ठेवावं तर पासवर्ड कुणाकुणाला माहीत, बंद करावं तर भविष्यनिर्वाह निधीची आणि विम्याची पत्रं परत जाणार. वहिनींना त्या पत्रांची गरज होती. तेव्हा मला जे नीट सांगता आलं नव्हतं ते टेबल आखताना दिसलं. 'हा माणूस इथं राहतो का?' हा एक प्रश्न, आणि 'दारात उभा आहे तो तोच माणूस का?' हा दुसरा. पहिला प्रश्न पोस्टफिक्स विचारतं, पत्र घ्यायचं की नाही हे ठरवायला. दुसरा डव्हकॉट विचारतं, पासवर्ड तपासायला. दोघं एकाच टेबलाकडे बघतात, पण त्यांना एकच उत्तर मिळालं पाहिजे असं नाही. मी 'चालू' खोडून दोन रकाने केले, 'पत्र घ्यावं' आणि 'आत सोडावं'. पुढं या कामात जिथं जिथं अडकलो, तिथं आता नेमका कोणता प्रश्न विचारला जातोय आणि तो कोण विचारतंय, हे आधी लिहून काढायची सवय लागली. बहुतेक गाठी त्यानंच सुटल्या.

पहिली गाठ पोस्टफिक्सचीच. पोस्टफिक्सला डेटाबेसशी बोलायला छोट्या फाइली लागतात. डेटाबेस कुठं आहे, कोणत्या नावानं आत जायचं, क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) काय, एवढं त्यात असतं. डोमेनसाठी एक, पेट्यांसाठी एक, टोपणपत्त्यांसाठी एक. या फाइलीत डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, म्हणून त्या फक्त रूटला आणि पोस्टफिक्सच्या गटाला वाचता येतील अशा ठेवल्या. शिवाय त्या डेटाबेस-युजरला फक्त वाचण्याची मुभा, लिहिण्याची नाही. पोस्टमॅप नावाची आज्ञा थेट ती फाइल वापरून एकच प्रश्न विचारू देते. मी माझा पत्ता विचारला, उत्तर बरोबर आलं. तिन्ही फाइली तपासल्या, तिन्ही बरोबर. पोस्टफिक्स सुरू केलं, बाहेरून पत्र पाठवलं, आणि लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, ४५१ क्रमांकाची ओळ आली. पत्त्याचा शोध तात्पुरता अयशस्वी.

फाइल तीच, क्वेरी तीच. मी विचारलं तर उत्तर मिळतं, पोस्टफिक्सनं विचारलं तर मिळत नाही. संध्याकाळपर्यंत मी पासवर्ड बदलले, परवानग्या बदलल्या, डेटाबेस पुन्हा बसवला. काही उपयोग नाही. रात्री जेवताना वहीतली ओळ आठवली, प्रश्न कोण विचारतंय? पोस्टमॅप चालवणारा मी, म्हणजे रूट, आणि मला सगळं मशीन दिसतं. पण डेबियन १२ मध्ये पोस्टफिक्सचे बरेचसे भाग क्रूटमध्ये चालतात, म्हणजे त्यांना त्यांच्या स्पूलचं (पत्रांची रांग ठेवण्याचं) फोल्डर हेच सगळं जग वाटतं. त्याच्या बाहेरची एकही फाइल त्यांना दिसत नाही. आणि डेटाबेसचा पत्ता मी लिहिला होता 'लोकलहोस्ट'. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीच्या जगात या शब्दाचा अर्थ नेटवर्कनं जा असा होत नाही. त्याचा अर्थ डिस्कवरच्या सॉकेट फाइलीतून (दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायच्या जागेतून) जा असा होतो. ती फाइल क्रूटच्या भिंतीपलीकडे. मी 'लोकलहोस्ट' खोडून १२७.०.०.१ लिहिलं, म्हणजे त्याच मशीनला पण नेटवर्कच्या वाटेनं. पत्र आलं.

क्रूट बंद करूनही हे सुटलं असतं आणि ते करण्याचा मोह झाला होता. पण जो भाग सगळ्या जगासमोर दार उघडून उभा आहे, त्याला मशीनचा बाकीचा भाग न दिसणं ही सोय आहे. ती तशीच ठेवली.

त्याच लॉगमध्ये एक इशारा येत होता. तेच डोमेन दोन जागी लिहू नका असा. पोस्टफिक्स बसवताना ते आपल्या डोमेनचं नाव विचारतं आणि 'या मशीनवरचे युजर' या यादीत टाकतं. आता ते डेटाबेसच्या यादीतही होतं. पहिल्या यादीतून काढलं, झालं.

डव्हकॉटची बाजू मला सोपी जाईल असं वाटलं होतं. मशीनवर आता माणसं नव्हतीच. व्हीमेल नावाचा एकच युजर, क्रमांक ५०००, आणि सगळ्यांच्या पेट्या त्याच्या मालकीच्या. डेटाबेसमधून पासवर्ड आणायची क्वेरी दोन ओळींची. मुख्य विचार होता जुन्या पासवर्डांचा. १४० जणांना नवे पासवर्ड देणं म्हणजे सुट्टीत गावोगाव पांगलेल्या शिक्षकांना एकेक फोन. पण लिनक्स आपल्या शॅडो फाइलीत पासवर्ड ठेवत नाही, त्याचा हॅश ठेवतं, म्हणजे पासवर्डवरून काढलेली पण उलट फिरवता न येणारी खूण. आमच्या जुन्या मशीनवर तो एसएचए-५१२ पद्धतीचा होता, आणि डव्हकॉटला ती पद्धत येते. हॅशच्या आधी कंसात पद्धतीचं नाव लिहिलं की ते ओळखतं. म्हणजे कुणाचाही पासवर्ड न बघता, न विचारता, सगळ्यांचे पासवर्ड नव्या घरी नेता येत होते. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. नव्या खात्यांसाठी मी बीक्रिप्टची पद्धत ठरवली. एकाच टेबलात दोन्ही राहू शकतात, कारण प्रत्येक हॅश आपली पद्धत सांगतच येतो.

स्क्रिप्ट लिहिली, चालवली. नव्या बाईंचं खातं काढून बघितलं, आत जाता आलं. माझं जुनं खातं बघितलं, पासवर्ड चुकीचा. दुसऱ्या एका सरांना फोन करून त्यांच्या मोबाइलवरून करून बघायला सांगितलं, त्यांचाही चुकीचा. डव्हकॉटची तपासणीची एक आज्ञा आहे, पत्ता आणि पासवर्ड द्यायचा, ते हो किंवा नाही सांगतं. जुने सगळे नाही, नवे सगळे हो. म्हणजे क्वेरी ठीक, डेटाबेस ठीक, फरक फक्त हॅशमध्ये. शॅडो फाइलीतली माझी ओळ आणि टेबलातली माझी ओळ शेजारी ठेवून अक्षरं मोजली. टेबलातली बरोबर १०० अक्षरांवर तुटलेली.

रकाना मी १०० अक्षरांचा केला होता. बीक्रिप्टचा हॅश ६० अक्षरांचा, पद्धतीच्या नावासह ७१, तो आरामात मावला. एसएचए-५१२ चा नुसता शेवटचा भागच ८६ अक्षरांचा, त्याआधी सॉल्ट (हॅश काढताना मिसळलेली वेगळी अक्षरं), त्याआधी पद्धतीचं नाव, सगळं मिळून ११० च्या वर. पण डेटाबेसनं तक्रार का केली नाही? तर स्क्रिप्ट पुन्हा चालवली तरी दुहेरी नोंदी होऊ नयेत म्हणून मी इन्सर्टला (नोंद भरण्याच्या आज्ञेला) इग्नोर जोडलं होतं. इग्नोर दुहेरी नोंदी सोडून देतं, तसंच न मावणारा मजकूर कापूनही घेतं, फक्त सौम्य इशारा देतं. इशारे मी छापूनच घेतले नव्हते. रकाना २५५ चा केला, इग्नोर काढलं, टेबल रिकामं करून पुन्हा भरलं. त्या सरांचा पाच मिनिटांत फोन, "उघडलं हो!"

पासवर्डच्या टेबलात इग्नोर कधीही वापरू नये, हे मी तेव्हापासून मुलांनाही शिकवतो.

मग पाठवण्याची बाजू. मेलच्या जगात दारं वेगवेगळी आहेत, आणि ती का वेगळी हे समजून घेतलं नाही तर सगळं एकात एक होतं. २५ क्रमांकाचं पोर्ट एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे पत्र जाण्याचं. तिथं पासवर्ड नसतो, कारण जगातला कुठलाही सर्व्हर आपल्याला पत्र देऊ शकला पाहिजे. ही पद्धत १९८२ च्या मूळ मानकापासून चालत आलेली. आपली माणसं आपल्या सर्व्हरमधून बाहेर पत्र पाठवतात ती ५८७ किंवा ४६५ मधून, आणि तिथं पासवर्ड हवाच. २५ वर येणाऱ्याला फक्त आपल्या डोमेनची पत्रं देता येतात. ही अट सुटली की सर्व्हर कुणाचीही पत्रं कुठेही पोचवू लागतो, आणि काही तासांत जगभरचं स्पॅम त्यातून वाहतं. मी ती अट बाहेरच्या एका मशीनवरून तीन प्रकारे मोडायचा प्रयत्न करून बघितला, मगच पुढं गेलो.

पोस्टफिक्स स्वतः पासवर्ड तपासत नाही, ते डव्हकॉटला विचारतं. त्यासाठी डव्हकॉट एक सॉकेट उघडतं, आणि तो पोस्टफिक्सच्या क्रूटच्या आतच ठेवायचा असतो. पहिल्या दिवशीची भिंत डोक्यात पक्की असल्यानं हे एका दमात जमलं.

इथं एक गोष्ट अशी सापडली की जी बरेच जण करत नाहीत आणि जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पासवर्ड बरोबर दिला की पोस्टफिक्स पाठवणाऱ्याला आत घेतं, पण पत्रावर तो कुणाचं नाव घालतोय हे आपणहून बघत नाही. म्हणजे कुणीही शिक्षक स्वतःच्या पासवर्डनं आत येऊन मुख्याध्यापकांच्या पत्त्यावरून पत्र पाठवू शकतो. शाळेत मुख्याध्यापकांच्या पत्त्यावरून आलेलं पत्र म्हणजे आदेश असतो. बदलीचा, परीक्षेच्या वेळापत्रकाचा, चौकशीचा. जुन्या सर्व्हरवर ही फट कायम होती. कुणी वापरली नाही, ही आमच्या लोकांची सचोटी. पोस्टफिक्समध्ये यावर सोय आहे. 'हा पत्ता लावायचा अधिकार कुणाकुणाला' अशी आणखी एक क्वेरी देता येते आणि न जुळल्यास पत्र नाकारता येतं. मी ती अशी लिहिली की माणसाला स्वतःचा पत्ता लावता यावा, आणि टोपणपत्त्याच्या टेबलात ज्याच्याकडे खुर्चीचं पत्र जातं त्यालाच खुर्चीचा पत्ता लावता यावा. म्हणजे ३१ मेला एक ओळ बदलली की येणारी पत्रंही नव्या मुख्याध्यापकांकडे आणि सहीचा अधिकारही त्यांच्याकडे, एकाच क्षणी.

टोपणपत्त्यांनी एकदा दगाही दिला. चुकीच्या स्पेलिंगची पत्रं ऑफिसात यावीत म्हणून चाचणीच्या डोमेनवर 'बाकी सगळं ऑफिसला' अशी एक नोंद केली, तर सगळ्यांचीच पत्रं ऑफिसच्या पेटीत. पोस्टफिक्स आधी टोपणपत्ते बघतं, मग पेट्या. 'बाकी सगळं' मध्ये खऱ्या पेट्याही येतात. प्रत्येकाचा पत्ता त्याच्याच पत्त्याकडे जातो असं सांगणारी क्वेरी जोडली की हे सुटतं. मी मात्र ती नोंदच काढून टाकली. चुकीचा पत्ता परत गेलेला बरा, नाहीतर कुणाचं खासगी पत्र ऑफिसात उघडलं जायचं.

बाहेरच्या जगानं आमच्यावर विश्वास ठेवावा यासाठीची कामं कंटाळवाणी होती. ज्या कंपनीचं मशीन भाड्यानं घेतलंय तिनं बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट बंद ठेवलं होतं, ते अर्ज करून उघडून घेतलं. रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आकडी पत्त्यावरून मशीनचं नाव सांगणारी नोंद, त्यांच्याकडूनच लावून घेतलं. जोडणी सांकेतिक ठेवण्यासाठीचं लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं प्रमाणपत्र आपोआप नवं होईल असं केलं. पत्र खरंच आमच्याच डोमेनचं आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तिन्ही नोंदी केल्या. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले होते, त्यामुळे हे टाळून चालणार नव्हतं. डीकिमची २०४८ बिटची किल्ली डीएनएसच्या एका तुकड्यात मावत नाही, २५५ अक्षरांची मर्यादा असते. ती दोन तुकड्यांत अवतरणचिन्हांत द्यावी लागते, यात एक दुपार गेली. पहिली काही पत्रं लोकांच्या स्पॅममध्ये पडली. आठवडाभर थोडी थोडी खरी पत्रं जाऊ दिली, मग ती सरळ पोचू लागली.

जुनी पत्रं आणताना एक सुंदर गोष्ट बघायला मिळाली. आमच्या शिक्षकांनी आपापल्या पेटीत फोल्डर केलेली, 'परीक्षा', 'दहावी ब', 'सहल २०१७', 'आईचा दवाखाना'. डिस्कवर मात्र ही नावं देवनागरीत नव्हती. पेटी वाचण्याच्या आयमॅप या नियमावलीत फोल्डरच्या नावांसाठी युटीएफ-७ ची एक खास पद्धत आहे. तिच्यात देवनागरी नाव अँपरसँडच्या (&) खुणेनं सुरू होतं आणि पुढं रोमन अक्षरांची रांग. देवनागरीच्या युनिकोड कोष्टकातल्या जागेमुळे ही रांग आमच्याकडे दरवेळी 'सी' या अक्षरानंच सुरू होत होती. शेकडो फोल्डरं, सगळी अँपरसँड-सी. मी आधी ही नावं बिघडलेली समजून दुरुस्त करायला निघालो होतो. वेळीच थांबलो. नावांना हात न लावता डव्हकॉटच्याच सिंकच्या आज्ञेनं सगळं नव्या मशीनवर आणलं, आणि मोबाइलवर 'आईचा दवाखाना' जसंच्या तसं उघडलं.

मराठी नावांवरून आठवलं, चित्रकलेच्या सरांनी विचारलं होतं की माझा पत्ताच मराठीत का नको. .भारत डोमेन २०१४ पासून मिळतं, पोस्टफिक्सही २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून असे पत्ते समजतं. पण आम्ही ज्यांना पत्रं पाठवतो त्या सगळ्यांच्या सर्व्हरनी ते घेतले पाहिजेत, तेव्हा तो आमच्या एकट्याच्या हातातला विषय नाही. त्यांना मी शब्द दिलाय की चाचणीचं एक डोमेन घेऊन आपण करून बघू.

२९ मेला मी एक परीक्षा घेतली. भर दुपारी मारियाडीबी मुद्दाम बंद केलं आणि बाहेरच्या पत्त्यावरून मलाच पत्र पाठवलं. माझी भीती ही होती की डेटाबेस बंद म्हणजे कुणीच सापडणार नाही, आणि सर्व्हर सगळ्यांना 'असा माणूस इथं नाही' असं सांगून पत्रं परत करेल. लॉग उघडून बसलो. उत्तर गेलं ४५१. तीच पहिल्या दिवशीची ओळ, जिनं मला संध्याकाळपर्यंत छळलं होतं. मेलच्या भाषेत ५ नं सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार, ४ नं सुरू होणारा म्हणजे आत्ता नाही, नंतर या. 'टेबलात शोधलं, माणूस नाही' आणि 'टेबलच उघडत नाही' या दोन गोष्टी पोस्टफिक्स वेगळ्या ओळखतं. पहिल्याला ५५०, दुसऱ्याला ४५१. पाठवणारा सर्व्हर पत्र आपल्याकडे ठेवतो आणि पुन्हा पुन्हा येत राहतो. पोस्टफिक्स तर असं पत्र मुळातच पाच दिवस सांभाळतं. वीस मिनिटांनी मी डेटाबेस सुरू केला. चहा घेऊन आलो तर पत्र पेटीत होतं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा शांत वाटलं. शाळेतली वीज जाते, मशीन कधी बंद पडतं, मी गावाला असतो. पत्र हरवणार नाही एवढं कळलं की बाकीचं सांभाळता येतं.

भाऊसाहेबांसाठी एक छोटं पान केलं. नाव, पत्ता, शाळा, दोन टिकमार्क, आणि खाली खुर्च्यांची यादी. ते फक्त ऑफिसच्या नेटवर्कमधून उघडतं. त्या पानाला डेटाबेसमध्ये वेगळा युजर दिला आणि मारियाडीबीत रकान्यापर्यंत अधिकार ठरवता येतात त्याचा उपयोग केला. पासवर्डचा रकाना त्या पानाला लिहिता येतो, वाचता येत नाही. भाऊसाहेबांनी ते स्वतः विचारलं होतं, "सर, मला कुणाचे पासवर्ड दिसणार नाहीत ना? मला ते नकोत." पस्तीस वर्षं ऑफिसात काढलेल्या माणसाला हे सुचतं.

डोमेनची एमएक्स नोंद (पत्रं कोणत्या मशीनकडे द्यायची ते सांगणारी) नव्या मशीनकडे ३० च्या रात्री वळवली. दोन दिवस आधीच तिचा टीटीएल (इतरांनी ती नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) एका दिवसावरून ५ मिनिटांवर आणला होता, त्यामुळे तासाभरात सगळी पत्रं नव्या दारात येऊ लागली. जुनं मशीन आणखी पंधरा दिवस चालू ठेवून उशिरानं आलेली पाच-सहा पत्रं तिथून उचलली. पहिल्याच रात्री नव्या सर्व्हरच्या लॉगमध्ये कुठल्या कुठल्या देशांतून ॲडमिन, इन्फो, टेस्ट अशी नावं घेऊन दार वाजवणारे दिसले. फेल२बॅन लावलेलंच होतं, ते त्यांना बाहेर ठेवत होतं. डेटाबेसचा आणि पेट्यांचा बॅकअप रोज रात्री दुसऱ्या गावातल्या मशीनवर जातो. महिन्यातून एकदा मी त्यातून एक पेटी परत उभी करून बघतो.

२०२५ मध्ये डेबियन १३ आलं आणि त्यात डव्हकॉट २.४ आहे. त्याची कॉन्फिग लिहायची पद्धत बदलली आहे, डेटाबेसची वेगळी फाइलही आता मुख्य फाइलीतच येते. जसंच्या तसं अपग्रेड चालणार नाही, म्हणून चाचणीच्या मशीनवर सगळं नव्यानं लिहितोय. पुढच्या मेमध्ये बदलीन.

३१ मे २०२४, शुक्रवार. निरोप समारंभ झाला, नारळ, शाल, भाषणं. साडेपाचला ऑफिसात भाऊसाहेब पान उघडून बसले होते. मी मागं उभा राहिलो, हात लावला नाही. त्यांनी मुख्याध्यापकांच्या ओळीत जुन्या हेडसरांचं नाव काढून नव्या मॅडमचं नाव निवडलं, चष्मा सावरून पुन्हा वाचलं आणि बटण दाबलं. मग स्वतःच्या पत्त्यावरून मुख्याध्यापकांच्या पत्त्यावर एक ओळ पाठवली. पलीकडच्या टेबलावर मॅडमचा मोबाइल वाजला.

रात्री नऊला हेडसरांचा फोन आला. "अहो सर, माझा स्वतःचा मेल आहे ना चालू? का तोही गेला?"

"आहे सर. तो तुमच्या नावाचा आहे, तसाच राहील."

"बरं झालं. मुलीनं फोटो पाठवलेत समारंभाचे," ते म्हणाले. "आत्ताच उघडतो."